दवाखाना की कारखाना?

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामाच्या कचेरीत येणाऱ्या माणसांची चाल बदलते. एरवी बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाची तारीख किंवा मृतांसाठी मिस्सा अशा कामांसाठी माणसे येतात आणि काम झाले की जातात. निकालानंतरच्या दिवसांत मात्र आई-वडील मुलाला किंवा मुलीला मध्ये बसवून घेतात, गुणपत्रिका टेबलावर ठेवतात आणि विचारतात, “फादर, आता तुम्हीच सांगा, हिला डॉक्टर करू की इंजिनियर?” प्रश्न मुलीविषयीचा, विचारला जातो आम्हांला, आणि जिच्या आयुष्याचा तो प्रश्न असतो ती खाली मान घालून बसलेली असते.

हा प्रश्न आजच्या स्पर्धेने निर्माण केला, असे आपल्याला वाटते. ते अर्धसत्य आहे. लालबाग-परळच्या परिसरात या प्रश्नाला दीडशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे. लालबागच्या नाक्यावरून निघून अर्ध्या-पाऊण तासाची पायपीट केली, तर हा इतिहास दगडविटांच्या रूपाने दिसतो. एकीकडे के. ई. एम. रुग्णालय, वाडिया रुग्णालये, टाटा स्मारक रुग्णालय आणि हाफकिन संस्था; दुसरीकडे रेल्वेचा परळचा कारखाना आणि गिरण्यांच्या उरल्यासुरल्या चिमण्या; थोडे पुढे गेले की माटुंग्याला व्ही. जे. टी. आय. अर्थात आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था. एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला कारखाना आणि मध्ये आपल्या चाळी. या भागातल्या मुलाला दोन्ही वाटा खिडकीतून दिसत आल्या आहेत. तेव्हा कोणती वाट धरावी हे ठरवण्यापूर्वी त्या वाटा कोणी, कधी आणि कशासाठी पाडल्या, हे पाहणे उपयोगाचे ठरेल, असे आम्हांला वाटते.

एका वास्तूची कथा

आरंभ आपल्या जिव्हाळ्याच्या एका वास्तूपासून करू. परळला आज जिथे हाफकिन संस्था आहे, तिथे पोर्तुगीज काळात येशूसंघीय धर्मगुरूंचा मठ व प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ही मालमत्ता जप्त केली आणि पुढे तिथे गव्हर्नरांचे निवासस्थान झाले. जिथे वेदी होती तिथे मेजवान्या होऊ लागल्या, याची खंत आपल्या पूर्वजांना वाटली असेल. तथापि देवाच्या योजनेत वास्तूंनाही पाचारण असते की काय, असे पुढील घटना पाहून मनात येते.

1882 साली याच बंगल्यात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने मृत्यू पावल्या. पटकी हा दूषित पाण्याचा रोग. गव्हर्नरांच्या उंबरठ्यालाही त्याने जुमानले नाही. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलवर हलला आणि परळचा बंगला रिकामा पडला. 1899 साली तिथे प्लेगवरील संशोधनाची प्रयोगशाळा आली. 1925 साली तिला डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मिळाले. प्रार्थनामंदिर, राजवाडा आणि मग प्रयोगशाळा असा त्या भिंतींचा प्रवास झाला. जिथे आत्म्यांची काळजी वाहिली जात होती, तिथे अखेर शरीरांची काळजी वाहिली जाऊ लागली.

पटकीचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. मुंबईत पटकीशी झुंज केवळ डॉक्टरांनी दिली नाही. 1854 सालच्या पाणीटंचाईने शहर हवालदिल झाले, तेव्हा इंजिनियर हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार विहार तलावाचे काम हाती घेण्यात आले आणि 1860 साली तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे 1879 साली तुळशी आणि 1892 साली तानसा तलावाचे पाणी आले. विहिरी व टाक्यांच्या साचलेल्या पाण्याऐवजी नळाचे पाणी मिळाल्याने किती जीव वाचले, त्याची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत सापडणार नाही. कारण जो आजारीच पडला नाही, त्याचे नाव रुग्ण म्हणून कोण लिहिणार? डॉक्टर जीव वाचवतो हे आपल्याला दिसते. नळ टाकणारा इंजिनियरही जीव वाचवतो, हे आपल्याला दिसत नाही.

जेव्हा डॉक्टर हा शब्द भीतीचा होता

मुंबईत वैद्यकीय शिक्षणाचा पाया 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेजने घातला. त्याची पहिली तुकडी 1851 साली बाहेर पडली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते, तसेच जोसे कामिलो लिस्बोआ हे गोव्याचे कॅथलिक विद्यार्थीही होते; पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनही ते नावारूपास आले. स्वतः गोव्यात तर 1842 सालीच वैद्यकीय विद्यालय सुरू झाले होते. इंजिनियरिंगचे शिक्षण त्या मानाने मागाहून आले. 1854 साली पुण्यात सरकारी बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी घडवणारा वर्ग निघाला आणि त्यातूनच पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज वाढले.

याचा अर्थ लालबाग-परळच्या सामान्य माणसाला त्या काळी या पदव्यांचे आकर्षण होते, असा मात्र नाही. त्याचा एक पुरावा आपल्या अगदी शेजारी आहे. 1896 साली मुंबईत गाठीचा प्लेग उद्भवला. मांडवी भागात तो प्रथम ओळखला तो डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगश यांनी. मूळचे गोव्यातील हडफड्याचे हे कॅथलिक डॉक्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. सप्टेंबर महिन्यात त्यांनी रोगाचे निदान जाहीर केले, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला अनेक जण तयार नव्हते. व्यापाराचे शहर, प्लेग आहे म्हटले की बंदर ओस पडणार. तरीही व्हिएगश यांनी आपले म्हणणे सोडले नाही, आणि पुढील महिन्यांनी ते खरे ठरवले.

रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्यास सुरुवात झाल्यावर काय झाले? ऑक्टोबर 1896 मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याची जात बाटते, त्याचे हाल करून मारतात, अशा समजुती घरोघर पसरल्या होत्या. लोक गाव गाठू लागले आणि गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. आज ज्या वस्तीत आई आपल्या लेकराला डॉक्टर करण्यासाठी नवस बोलते, त्याच वस्तीच्या पूर्वजांनी रुग्णालयावर दगड फेकले होते. डॉक्टरांना आज मिळणारा मान पदवीबरोबर आलेला नाही. ज्यांनी संशय सोसून, संसर्गाचा धोका पत्करून चाळीचाळींतून काम केले, त्यांनी तो मिळवून दिला. आपण वारसा उपभोगतो, तो कोणाच्या श्रमाचा आहे हे विसरू नये.

प्लेगने आणखी एक गोष्ट शिकवली. लस टोचून रोग हटतो. पण अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून तो पुन्हा डोके वर काढतो. म्हणून 1898 साली शहर सुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, गटारे, हवेशीर वस्त्या ही कामे इंजिनियरांकडे आली. त्या सुधारणेत पुष्कळ गरिबांची घरे गेली आणि सर्वांना नवी मिळाली नाहीत, हेही खरे. तरी रोगाचे निदान डॉक्टरांनी करावे आणि रोगाचे घर इंजिनियरांनी मोडावे, ही जोडी त्या संकटात मुंबईने प्रथम ठळकपणे पाहिली.

साहेबांची विद्या आपली कशी झाली

इंजिनियर हा शब्दही त्या काळी आपल्या माणसासाठी परका होता. गिरणीत यंत्रांवर हुकमत लँकेशायरहून आलेल्या साहेबांची. आपला माणूस साचावर किंवा बॉयलरपुढे. हे बदलावे म्हणून 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तांत्रिक शिक्षणाची संस्था काढण्यात आली. कापडनिर्मिती आणि यंत्रविद्या यांचे पद्धतशीर शिक्षण तिथे मिळू लागले. आधी भायखळ्याला असलेली ही संस्था 1923 साली माटुंग्याला गेली.

वैद्यकाच्या बाबतीतही तसेच घडले. सरकारी वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा बहुतांशी इंग्रजांकडे असत. परळला शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून कॉलेज उभे राहिले तेव्हा तिथे अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट घालण्यात आली होती. 1926 साली के. ई. एम. रुग्णालयाची दारे उघडली. या कॉलेजचे पहिले डीन डॉ. जीवराज मेहता पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच सुमारास वाडियांची प्रसूती आणि बाल रुग्णालये उभी राहिली. 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय आले. त्या रुग्णालयाच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. कर्करोगावर शस्त्रक्रिया करण्यात आयुष्य वेचलेल्या या कॅथलिक डॉक्टरांचे नाव आपण पत्ता सांगताना रोज घेतो. ते कोण होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

याच काळात आपल्या धर्मभगिनींच्या वाटेतला एक अडसर दूर झाला, त्याचीही नोंद घेऊ. व्रतस्थ स्त्रियांनी प्रसूतीशी संबंधित वैद्यकीय काम करू नये, असा ख्रिस्तसभेचा जुना दंडक होता. त्यामुळे पडद्यातील असंख्य स्त्रिया उपचाराविना मरत आहेत, हे डॉ. आना डेंगेल यांनी रावळपिंडीतील अनुभवातून पाहिले. 1925 साली त्यांनी वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापन केला आणि 1936 साली रोमने तो दंडक सैल केला. एका डॉक्टर स्त्रीने पाहिलेल्या दुःखामुळे ख्रिस्तसभेचा नियम बदलला. मुलींच्या शिक्षणाविषयी ‘तिला काय करायचे आहे एवढे शिकून’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

पदवी एक, पाचारण दुसरे

आता दोन माणसांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या लेखाचे मर्म त्यांच्या चरित्रांत आहे.

पहिले जोसेफ बाप्टिस्टा. 1864 साली माझगावच्या म्हातारपाखाडीत ईस्ट इंडियन कॅथलिक घराण्यात जन्म. पुण्याच्या कॉलेजातून ते इंजिनियर झाले आणि वनखात्यात नोकरीस लागले. त्या काळी यापेक्षा सुरक्षित आयुष्य कोणते? पण तिशीत ते केंब्रिजला गेले आणि नव्याने विद्यार्थी झाले. पुढे बॅरिस्टर होऊन परतले. लोकमान्य टिळकांचे ते विश्वासू सहकारी. 1916 साली स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. 1920 साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. गिरणी कामगार आणि टपालवाले त्यांना आपले मानत. सारी मुंबई त्यांना काका म्हणे. 1925 साली ते महापालिकेच्या प्रमुखपदी आले. एकोणीस वर्षांपूर्वी, 1906 साली, त्याच खुर्चीवर डॉ. व्हिएगश बसले होते. एक कॅथलिक डॉक्टर आणि एक कॅथलिक इंजिनियर, दोघांच्या वाटा शहराच्या सेवेत एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. काका बाप्टिस्टा 1930 साली निवर्तले आणि शिवडीच्या दफनभूमीत विसावले.

दुसरे डॉ. दत्ता सामंत. ते एम. बी. बी. एस. झालेले, घाटकोपरला दवाखाना चालवत. तपासायला येणारे खाणकामगार आणि मजूर यांच्या दुखण्याचे मूळ औषधाच्या बाटलीत नाही, मजुरीत आहे, असे त्यांना वाटू लागले आणि ते कामगार पुढारी झाले. 18 जानेवारी 1982 रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचा शेवट काय झाला ते लालबागच्या घराघराला ठाऊक आहे. त्यांच्या धोरणाविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. कित्येक कुटुंबांनी त्या संपात सर्वस्व गमावले. 16 जानेवारी 1997 रोजी त्यांची हत्या झाली, तेव्हा ज्यांची नोकरी गेली होती असेही अनेक जण त्यांच्यासाठी रडले. आम्ही येथे संपाचा निवाडा करीत नाही. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की गिरणगावाच्या इतिहासावर ठसा उमटवणाऱ्या पुढाऱ्यांत एक इंजिनियर होता आणि एक डॉक्टर, आणि दोघांनीही पदवीने आखून दिलेल्या चौकटीबाहेर पाऊल टाकले. अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय हा जन्माचा शिक्का नव्हे. तो पहिला टप्पा असतो.

वाटेची शिडी झाली

मग आजचा हा जीवघेणा प्रश्न कुठून आला? आमच्या मते तो दोन गोष्टींच्या मिलाफातून आला.

पहिली गोष्ट शिक्षणाच्या रचनेतली. पूर्वी मुंबई विद्यापीठात इंटर सायन्सला ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन गट असत. गणित घेणारा इंजिनियरिंगकडे, जीवशास्त्र घेणारा वैद्यकाकडे. पुढे दहावी-बारावीची रचना आली तरी ही विभागणी कायम राहिली. एक दार बंद होऊ नये म्हणून अनेक मुले गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतात आणि दुप्पट ओझे वाहतात. वैद्यकाच्या जागा मोजक्या. ग्रँट, परळचे कॉलेज, 1921 पासून नायर आणि 1964 पासून शीव, एवढीच सरकारी व महापालिकेची कॉलेजे मुंबईत कितीतरी वर्षे होती. इंजिनियरिंगच्या जागा मात्र 1983 नंतर विनाअनुदान कॉलेजांमुळे झपाट्याने वाढल्या. 1984 साली वांद्र्याला आपल्या अॅग्नेल फादरांचे कॉलेज निघाले. आता वैद्यकासाठी देशभर ‘नीट’ ही एकच परीक्षा, इंजिनियरिंगसाठी राज्याची सीईटी आणि आयआयटीसाठी जेईई. मार्ग वाढले तशा शिकवण्याही वाढल्या आणि त्यांच्या शुल्काचे आकडेही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. 1982 नंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मुके झाले. ज्या बापाने आपल्या हातातले काम एका रात्रीत गेलेले पाहिले, त्याने मनाशी गाठ बांधली की आपल्या मुलाच्या हाती असे काही असावे जे कोणी मालक हिरावून घेऊ शकणार नाही. डॉक्टर आणि इंजिनियर ही त्याच्या लेखी दोन पदांची नावे नव्हती. ती दोन संरक्षक भिंतींची नावे होती. बापाच्या या इच्छेला जे केवळ हाव म्हणतात, त्यांनी त्याच्या भीतीची खोली पाहिलेली नाही. पण भीतीपोटी निवडलेली वाट चालायची असते मुलाने, आणि अडचण तिथेच सुरू होते. सेवेसाठी पाडलेल्या वाटा आपण चढण्याच्या शिड्या करून टाकल्या.

आमचा एक अपराध

येथे एक कबुली देणे आम्हांला प्राप्त आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, आम्ही धर्मगुरू होऊन थोडीच वर्षे झाली असताना, एक कुटुंब आमच्याकडे आले. वडील संपात गिरणीतून बाहेर पडलेले, पुढे रखवालदार झालेले. आई एका रुग्णालयात आया. मुलगा हुशार. चर्चचा ध्वनिवर्धक बिघडला की तोच दुरुस्त करी. पंखा कुरकुरू लागला की न सांगता स्टूल आणून वर चढे. आईची इच्छा त्याने डॉक्टर व्हावे अशी. ज्या डॉक्टरांच्या मागे ती बादली घेऊन चालत असे, त्यांच्यात आपला मुलगा असावा, ही त्या माउलीची आस होती. मुलगा म्हणाला, “फादर, मला यंत्रांतले कळते. माणसाचे रक्त पाहिले की मला चक्कर येते.” आम्ही हसलो. सवय होईल, असे म्हणालो. आई-वडिलांचा मान राखण्याची आज्ञा त्याला ऐकवली आणि सेवेच्या थोरवीवर चार शब्द सांगितले. तो गप्प झाला. तो पटला म्हणून गप्प झाला असे आम्हांला वाटले.

पहिल्या वर्षी जागा मिळाली नाही. एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा दिली. मग दूरच्या एका गावी, पुष्कळ पैसे भरून प्रवेश मिळाला; आईचे दागिने आणि गावाकडची थोडी जमीन त्यात गेली. दुसऱ्या वर्षी तो परत आला आणि कॉलेजला पुन्हा गेलाच नाही. काही महिने तो मिस्सेलाही येत नसे. पुढे त्याने पदविका घेतली. आज तो लिफ्ट बसवण्याच्या कामावर आहे. एके काळी गिरणी होती त्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीतही त्याने लिफ्ट बसवल्या आहेत. भेटला की हसून बोलतो. त्याने आम्हांला कधी दोष दिला नाही. त्याची आई वारली तेव्हा अंत्यविधी आम्हीच केला. जमीन आणि दागिने यांचा विषय तिनेही कधी काढला नाही. ती काही बोलली असती, तर आम्हांला सोसायला सोपे गेले असते.

त्या दिवशी आम्ही काय चूक केली? आज्ञेचा अर्थ आम्ही अर्धाच सांगितला. मुलाने आई-वडिलांचा मान राखावा, हे सांगितले. आई-वडिलांनी आणि धर्मगुरूंनीही देवाने त्या मुलात ठेवलेल्या देणगीचा मान राखावा, हे सांगायचे राहून गेले. पाचारण हा शब्द आम्ही सेमिनरीत वर्षानुवर्षे अभ्यासला; तो केवळ सेमिनरीत येणाऱ्यांसाठी नाही, हे आम्हांला त्या मुलाने शिकवले.

एकाच अध्यायात दोघे

पवित्र शास्त्रात सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय उघडून पाहावा. त्याच्या आरंभी वैद्याचा गौरव आहे. त्याची विद्या देवाकडून येते, असे तिथे सांगितले आहे. तोच अध्याय पुढे लोहार, कुंभार, कोरीवकाम करणारा अशा हस्तकुशल लोकांकडे वळतो. त्यांना सभेत मानाचे आसन मिळत नसले, तरी त्यांच्यावाचून नगर वसत नाही, असा त्याचा भावार्थ आहे. वैद्य आणि कारागीर यांना शास्त्राने एकाच अध्यायात बसवले. सुवार्तिक संत लूक वैद्य होता आणि आपला प्रभू सुताराच्या घरी वाढला, हेही आपण जाणतोच. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावरील आपले परिपत्रक सप्टेंबर 1981 मध्ये काढले, मुंबईच्या संपाच्या अवघे चार महिने आधी. कामाची प्रतिष्ठा कामाच्या प्रकारावर नव्हे, ते करणाऱ्या माणसावर अवलंबून असते, हा त्यातील विचार गिरणगावासाठीच लिहिल्यासारखा वाटतो.

7 सप्टेंबर 2025 रोजी संतपदी आरूढ झालेले पिएर जॉर्जो फ्रासाती हे इटलीतील तुरीनच्या एका सधन घरातले. त्यांनी खाणकामाचे इंजिनियरिंग निवडले ते खाणीतल्या मजुरांच्या जवळ जाता यावे म्हणून. पदवी हाती येण्यापूर्वीच 1925 साली, चोविसाव्या वर्षी, ते पोलिओने गेले. हयातीत त्यांच्या नावापुढे इंजिनियर अशी पदवी लागली नाही. आता संत ही पदवी लागली आहे.

यास्तव आता कोणी आमच्यासमोर गुणपत्रिका ठेवली की आम्ही आई-वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो आणि मुलाला तीन गोष्टी विचारतो. कोणते काम करताना तुला वेळेचे भान राहत नाही? लोकांचे कोणते दुःख पाहून तुला स्वस्थ बसवत नाही? आणि त्या कामातला कंटाळवाणा, किळसवाणा, कष्टाचा भाग तुला सोसवेल का? एम. बी. बी. एस.ची साडेचार वर्षे, त्यावर एक वर्ष रुग्णालयातील प्रत्यक्ष काम आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे. इंजिनियरिंगची चार वर्षे आणि त्यानंतर नोकरीची अनिश्चिती. हे सर्व आम्ही स्पष्ट सांगतो. खर्चाचा हिशेब आई-वडिलांसमोर मांडतो. दोन्ही वाटा नकोशा असतील, तर शिक्षक, परिचारिका, वायरमन, वकील, शेतकरी अशा आणखी कितीतरी वाटा आहेत, हेही सांगतो. उत्तर मात्र आम्ही देत नाही.

परवाच एक मुलगी अशीच आली होती. आई-वडील बाहेर गेल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, “फादर, हे मला आजवर कोणी विचारलेच नव्हते.” तिने काय निवडले ते येथे सांगण्याची गरज नाही. तिने निवडले, एवढे पुरे आहे.